मधल्या नावाचं बारसं

"हॅलो, हॅलो. मृदुला दगडू घेवडे. हजर बाई."

माझ्या भाचीचं नाव साऱ्या गल्लीनं पहिल्यांदा ऐकलं ते असं, भोंग्यावरून. मी त्याच सकाळी बारशासाठी संकेश्वरहून आले होते. दोन्ही हातांत पिशव्या, काखेत पाळण्यावर टांगायचा चिमणाळा, आणि आमच्या गल्लीच्या वळणावर येते न येते तोच डोक्यावरून वहिनीचा आवाज आला. वर बघितलं तर आमच्या कौलावर दोन भोंगे बांधलेले, आणि शेजारच्या बायका आपापल्या उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून ऐकत उभ्या. मला बघून एकजण म्हणाली, सकाळपासनं चाललंय बाई हे, आता तूच बघ काय ते.

घरात गेले. वहिनी खांद्यावर लेक टाकून माइकसमोर उभी होती. माझा भाऊ दगडू अँप्लिफायरपाशी उकिडवा बसून आवाज कमीजास्त करत होता. वहिनीनं तेच नाव पुन्हा म्हटलं, पण या वेळी बक्षीस समारंभात पुकारतात तसं. मग लग्नपत्रिकेत असतं तसं, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी लावून. पोर अजून दुपट्यात गुंडाळलेली, आणि ही तिचं लग्न लावून मोकळी झाली होती. शेवटी माइक खाली ठेवून तिनं मला विचारलं,

"वन्सं, तुम्हीच सांगा. बसतंय का?"

मी म्हटलं, बसायला ते नाव आहे का ब्लाउज?

"मृदुला बसतंय. घेवडेपण चालवून घेऊ, ते काय आपल्या हातात नाही. मधलं नाव बदलायला पाहिजे."

दगडूनं बटण बंद केलं. "अगं, मधलं नाव म्हणजे मी."

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाली.

आता आमच्यात मधलं नाव कुणी निवडत नाही. पोर जन्माला येतं तेव्हा ते आधीच घरात चहा पीत बसलेलं असतं. बापाचं नाव ते मधलं नाव, त्यात पसंत-नापसंत कसली? मी वहिनीला तसं म्हटलंसुद्धा. म्हटलं, एवढंच असेल तर पोरीचंच नाव जरा दणकट ठेवू, म्हणजे दगडूला शोभेल. वहिनीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी पिशव्या उचलून स्वयंपाकघरात गेले. मृदुला हे नाव तिनं पोटुशी असल्यापासून धरून ठेवलं होतं. ते हलणार नव्हतं.

आणि दगडू तरी कुठं हलण्यातला होता? गडहिंग्लजात मंडप म्हटलं की दगडू. दगडू मंडप डेकोरेटर्स. भाड्यानं दिलेलं सामान परत यायचं तर त्यावर नाव घालावं लागतं, म्हणून खुर्च्यांच्या पाठीवर दगडू, पातेल्यांच्या काठावर दगडू, सतरंज्यांच्या कोपऱ्यात दगडू. तालुक्यात कुणाचंही लग्न असो, लोक दगडूवर बसायचे, आणि भात संपला की ताटाच्या बुडातून दगडू वर यायचा. सगळ्या भांड्यांत एक परात तेवढी सुटली होती. वहिनीच्या माहेरची, जड पितळेची. ती वहिनी कधी भाड्यानं जाऊ द्यायची नाही आणि तिच्यावर दगडू घालूही द्यायची नाही. ट्रंकेत ठेवायची. आम्हाला वाटायचं, माहेरच्या वस्तूची माया असते बायकांना, असू दे.

वहिनीला आम्ही मालनवहिनी म्हणायचो. लग्नाआधीचं नाव वेगळं होतं, पण ते आमच्याकडं कुणाचं राहतं? माझंही सासरी बदललं होतंच. माझ्या नवऱ्यानं तांदळात काय लिहिलं ते मी आजही कुणाला सांगत नाही. माहेरी मी हिराच.

दगडूला दगडू का म्हणतात, हे मात्र सांगायला पाहिजे, नाहीतर आई का पेटली ते कळणार नाही. दगडूच्या आधीची आईची तीन मुलं पाचवी पुजायच्या आतच गेली. चौथ्या खेपेला हा झाला तेव्हा कुणीतरी सांगितलं, याचं कौतुक करू नका, याला चांगलं नाव ठेवू नका. आईनं त्याचं नाक टोचलं, त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलं, आणि नाव ठेवलं दगडू. यम दारात आलाच तर त्याला वाटावं, इथं पोर कुठंय, नुसता दगड पडलाय. यम फसला. दगडू वाढला, आईला धीर आला, आणि पाठच्या पोरीचं नाव तिनं हिरा ठेवलं.

तेव्हा मधलं नाव बदलायचं कानावर पडल्याबरोबर आई माजघरातून बाहेर आली आणि पाळण्याच्या दोरीला धरून उभी राहिली.

"त्याला एवढी वर्सं फसवलंय मी," ती म्हणाली. त्याला म्हणजे यमाला. "आता तुमी भोंग्यावरनं वरडून सांगा, हितं दगड न्हाई, मानूस हाय म्हणून. लगेच हजर हुईल."

वहिनी तिला उलटून बोलली नाही. ती कधीच उलटून बोलायची नाही, हीच तर पंचाईत होती. तिनं शांतपणे सांगितलं, मधलं नाव ठरेपर्यंत पोर पाळण्यात जाणार नाही. परवा बारसं. सगळ्या गल्लीला आमंत्रण गेलेलं, घुगऱ्यांचे हरभरे निवडून ठेवलेले, पाळणा चिंच लावून घासलेला, आणि पोर वहिनीच्या मांडीवर मुक्काम ठोकून. आईनंही तोडीस तोड म्हणून जेवण सोडलं. चहा चालू ठेवला.

मधे सापडला दगडू. माझ्या भावाला नाही म्हणता येत नसे. एकाच मुहूर्ताला दोन लग्नांना मंडप कबूल करून मधल्या रस्त्यावर एकच लांबलचक मंडप घातलेला माणूस तो. बायकोलाही नाही म्हणाला नाही आणि आईलाही नाही म्हणाला नाही. डोकं खाजवून म्हणाला, "बदलायचं का नाही ते नंतर बघू. आधी एक दिवस वापरून बघतो."

मग नावं निघाली. मोहन, मुकुंद, मनोहर, मकरंद. वहिनीनं एकेक भोंग्यावर म्हणून बघितलं. गल्लीनं आता शरम सोडली होती. मनोहरला पलीकडच्या ओट्यावरून चक्क नापसंती आली. एका म्हातारीनं मुकुंद नको म्हणून निरोप धाडला, तिच्या दिराचं नाव होतं आणि दीर चांगला नव्हता. "मृदुला मकरंद घेवडे" म्हटल्यावर मात्र सगळीकडून बरं वाटल्याचे आवाज आले. दगडू स्वतःसुद्धा बटण फिरवता फिरवता म्हणाला, भारी वाटतंय, कोण आहे हा?

दुसऱ्या दिवशी मंडप घालायचा होता. दगडूनं सगळ्या कामगारांना ताकीद दिली, आज मला मकरंदशेठ म्हणायचं. त्यांचा मुकादम तम्माण्णा, दगडूबरोबर लहानपणापासून वाढलेला. त्याची जीभ त्या नावाभोवती फिरेना. मरकंद म्हणाला, मग मरगंध म्हणाला. शेवटी दुपारी त्याला ते नीट जमलं, नेमकं नको त्या वेळी. वरून बांबू सुटला आणि तम्माण्णा ओरडला, "मकरंदशेठ, बाजूला व्हा!"

दगडू हलला नाही. मान वळवून रस्त्याकडं बघत राहिला, कोण पाहुणे आले म्हणून. बांबू त्याच्या पायावर आला.

पायाचा अंगठा टोमॅटोएवढा सुजला. त्याला धरून आत आणलं, हळद लावली, चिंधी गुंडाळली. आई त्याच्या उशाशी बसली. रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "कळलं त्याला. पत्त्यावर आलाय, उद्या घरात यील." हे ती इतक्या खात्रीनं बोलली की मी दाराकडं बघून घेतलं. हसायला येत होतं आणि भीतीही वाटत होती. तीन लेकरं पुरलेल्या बाईला वेडी म्हणायचं धाडस कुणाला होणार?

मी वहिनीकडं गेले. ती परसात ती माहेरची परात चिंचेनं घासत बसली होती. पोर शेजारी सुपात निजलेली. मी म्हटलं, वहिनी, आता पुरे झालं. पोरीला शाळेत चारदोन वर्षं चिडवतील, पुढं विसरतील. पण म्हातारीनं अन्न सोडलंय, दादाचा पाय फुटलाय, तुला कळत कसं नाही?

"एक बांबू पडला तर केवढं झालं," ती म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात. परातीवर पाणी ओतून तिनं ती उन्हाला लावली आणि पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "बदलू नका म्हणावं त्यांना. पण मग पोरीला तशीच ठेवा. बिननावाची."

मला खरंच संताप आला. पण पोरीची आत्या मी. नाव ठेवायचा मान माझा, कानात कुर्र करायचं ते मी, पाठीत बुक्के खायचे ते मी. माझ्या हातून या घरातलं एक पोर बिननावाचं राहिलं असतं, तर मी कुठल्या तोंडानं संकेश्वरला गेले असते? मी चुलीपाशी जाऊन बसले. समोर पाटा, त्यावर वरवंटा. बारशासाठी धुऊन ठेवलेला.

बारशाची आमची रीत अशी, की पोरीच्या आधी पाळण्यात वरवंटा घालायचा. त्याला न्हाऊ घालायचं, झबलं-टोपडं घालायचं, काजळाची तीट लावायची, आणि कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत पाळण्याखालून वरून फिरवायचं. पाळण्यावर काही अरिष्ट असेल तर ते दगडावर जावं. मी त्या वरवंट्याकडं बघत बसले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उठून तडक आईकडं गेले.

म्हटलं, आई, दगडू हे नाव आपण मोडायचंच नाही. उद्या ते वरवंट्याला देऊ. यम आला तर येऊ दे की. दगडू घेवडे कुठंय म्हणून विचारंल, आपण पाट्याकडं बोट दाखवू. नाव दगडू आणि आहेही दगडच. त्याला संशय यायचं कारण नाही. दादा सुटला.

 मी हे चेष्टेनं म्हणतेय का, ते आईनं माझ्या तोंडावर शोधून बघितलं. मग म्हणाली, "आडनावासकट ठेवायला पायजे. न्हाईतर त्याला वाटंल, दुसऱ्या कुणाचा तरी हाय." आणि भाकरी मागितली.

राहिला दगडू. तो पाय उशीवर ठेवून पडला होता. त्याचं नवं नाव कसं ठेवायचं हा प्रश्न होताच, कारण थोराडाला पाळण्यात घालता येत नाही. ते आईनंच सोडवलं. लग्नात नवरीचं नाव नवरा तांदळात अंगठीनं लिहितो, तसंच करायचं. फक्त इथं नाव नवऱ्याचं, तेव्हा बायकोनं लिहायचं. आई हे बोलून गेली आणि तिच्या ध्यानातही आलं नाही, आपण काय बोललो ते. वहिनी दारात उभी होती. ती आत आली आणि नवऱ्याच्या पायथ्याशी बसली.

"मी लिहीन ते चालेल?" तिनं विचारलं.

"लिही की बाई."

"कायपण लिहिलं तर?"

"कायपण लिही. फक्त तम्माण्णाला म्हणता आलं पाहिजे," दगडू म्हणाला, आणि कूस बदलताना पाय आपटून कण्हला. वहिनी त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं त्याच्या अंगठ्याची चिंधी सोडून पुन्हा नीट बांधली.

बारशाला सगळी गल्ली लोटली. नावं ऐकून ऐकून त्यांची उत्सुकता वाढली होती. दगडू लिहिलेल्या खुर्च्यांवर बायका दाटीवाटीनं बसल्या. माइक पाळण्यापाशी ठेवलेला, कारण पाळण्याची गाणी भोंग्यावर गेली पाहिजेत असा दगडूचा धंद्याचा हट्ट. वरवंट्याला हिरवं झबलं, जरीची कुंची. आईनं त्याला दोन तिटा लावल्या, एक गालावर, एक तळपायाला. वरवंट्याचा तळपाय कुठला ते तिनंच ठरवलं. मी पाळण्यात वाकले, वरवंट्याच्या कानाच्या अंदाजानं तोंड नेलं आणि म्हणाले, कुर्र, दगडू घेवडे. बायकांनी माझ्या पाठीत दणादण बुक्के घातले. हसून हसून कितीजणींचे पदर सुटले. आई मात्र हसली नाही. तिनं वरवंटा उचलून मांडीवर घेतला, छातीशी धरला, आणि डोळे पुसले.

"आता तुला काय म्हणायचं रे?" एका चुलतीनं दगडूला विचारलं.

"अजून तरी काय न्हाई," तो म्हणाला. एका पायात वहाण, एका पायात चिंधी, अंगात नवा सदरा, असा तो नाव नसलेला माणूस मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता.

मी पाट मांडला. वहिनीनं तिची परात तांदूळ पसरूनच आणली, दगडूनं बोटातली अंगठी काढून दिली. वहिनीनं पोर माझ्याकडं दिली आणि पाटासमोर बसली. सगळे पुढं सरकले. मकरंदच असणार म्हणून मागं कुजबुज झाली.

वहिनीनं अंगठी तांदळावर टेकवली. थांबली. मग तिनं ती आपल्या बोटात घातली, तळहात परातीत ठेवला, आणि मधले तांदूळ दोन्ही बाजूंना सारले. खाली पितळेवर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं होती. दगडू लंगडत पुढं आला, वाकला आणि मोठ्यानं वाचलं.

"वासंती."

 दगडूनं पुन्हा एकदा परातीत बघितलं, मग बायकोकडं, मग स्वतःच्या नव्या सदऱ्याकडं.

"मी?"

मग जे हसणं सुटलं ते काही विचारू नका. माइक चालू होता, ते हसणं भोंग्यावरून पार एसटी स्टँडपर्यंत गेलं असेल. आई म्हणाली, ही माझ्या पोराला आता लुगडं नेसवणार. दगडू मात्र कबूल करून बसलेला माणूस. त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं, तो मनातल्या मनात जमवून घेत होता. मागं तम्माण्णा हळूच जिभेवर घोळवून बघत होता, वासंतीशेठ, वासंतीशेठ. त्याला ते पहिल्या दमात जमलं.

"तुमचं नव्हे," वहिनी म्हणाली. "माझं."

ती पाटावरून उठली नाही. परातीच्या काठावर हात ठेवून बोलत राहिली, आणि तिचा आवाज माइकमध्ये जात होता हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

"लग्नात माझं नाव यांच्या नावाला बसत नव्हतं. वासंती दगडू घेवडे. आई म्हणाल्या, लई नाजूक वाटतंय, दगडूला शोभंल असं काहीतरी घरगुती घाला. यांनी मालन लिहिलं. चार बोटं तांदूळ हलले, झालं. मला कुणी भोंग्यावर म्हणून दाखवलं नाही. कुणी जेवण सोडलं नाही. कुणावर बांबू पडला नाही." तिनं नाक ओढलं. "मला यांचं नाव बदलायचंच नव्हतं. बदलतो म्हणतात का, तेवढं बघायचं होतं. ते म्हणाले. माझं काम झालं. पोरीच्या नावात मधे माझं घाला. बाकी दगडूला तसाच राहू दे."

हसणाऱ्या बायकांनी पदर सावरले. प्रत्येकीच्या नावाखाली एकेक नाव पुरलेलं होतं. मी माझं आठवलं, आणि पोर उगाच दुसऱ्या हातावर घेतली.

पण आई इतक्यात हार मानणारी नव्हती. तिनं वरवंटा सावरून घेतला आणि रीतसर हरकत घेतली. "वासंती कोण? या घरात वासंती कुणी न्हाई. मालन हाय. जी बाईच न्हाई, तिचं नाव पोरीला कसं लागंल?"

रीतीच्या दृष्टीनं तिचं बरोबर होतं. तांदळात लिहिलं ते नाव, आधीचं गेलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मी पोरीकडं बघितलं. तेवढ्यात दगडू बोलला. जन्मात आईला नाही न म्हटलेला माझा भाऊ.

"आई, नाव तर आत्ता माझंबी न्हाई. ते तुझ्या मांडीवर हाय. मग मीबी कुणी न्हाई काय?"

आईनं मांडीवरच्या कुंची घातलेल्या वरवंट्याकडं बघितलं, मग पोराकडं. त्याच्या सुजलेल्या पायाकडं बघितलं.  तिच्याच देवघेवीत ती सापडली होती. शेवटी तिनं तोंड फिरवून, माझ्यावर उपकार केल्यासारखं म्हटलं, "मग ठेवा की तिचंबी. आत्या हितंच बसलीया की रिकामी."

मग मी पोर आईजवळ दिली आणि वहिनीच्या शेजारी खाली बसले. एवढी थोरली बाई पाळण्यात कशी मावणार? तिनं पाळण्याच्या काठाला नुसतं डोकं टेकवलं. मी तिच्या कानाशी गेले. कुर्र, वासंती. बुक्के पडायला लागले ते थांबेनातच. एवढे बुक्के मी उभ्या जन्मात खाल्ले नव्हते. मारणाऱ्या बायकांमध्ये काहीजणी रडत होत्या आणि त्यांचे जास्त जोरात लागत होते. त्यानंतर पोरीला पाळण्यात घातलं आणि तिच्या चिमुकल्या कानात मी पुरं नाव सांगितलं, मृदुला वासंती घेवडे. तिनं जांभई दिली. बुक्क्यांची तिसरी फेरी झाली. माझी पाठ आठवडाभर शेकत होती.

दगडूचं नाव दगडूला परत द्यायचं, का वरवंट्याकडंच राहू द्यायचं, याचा निकाल आईनं घुगऱ्या खाता खाता दिला. दोघांनी वापरा म्हणाली, यमाला कळायला नको कुठला खरा.

दगडू अजून आहे, ठणठणीत. वरवंटाही आहे. त्या दिवसानंतर आईनं त्याच्यानं चटणी वाटू दिली नाही. पोटच्या पोरानं कुणी लसूण ठेचतं का, म्हणायची. नवा वरवंटा आणला, त्याला नाव ठेवलं नाही. आई जाताना त्या दगडूला बघा म्हणून गेली, आणि कुठल्या दगडूला हे सांगायचं राहिलं, म्हणून आम्ही दोघांकडं बघतो. मृदुलाचं लग्न झालं तेव्हा तिच्या सासूनं तांदळाचा विषय काढला होता. दगडूनं फक्त विचारलं, परात आमची चालेल का? मग तो विषय पुन्हा निघाला नाही.

पण मला त्या सगळ्यातलं खरं आठवतं ते बारसं उरकल्यानंतरचं. पंगत बसायची होती. वहिनी आत स्वयंपाकघरात दाराकडं पाठ करून घुगऱ्या वाढून घेत होती. भांड्यांचा दणदणाट, बायकांचा गलका, पोरांची रडारड. बाहेर दगडूनं माइक हातात घेतला. मकरंद हे नाव एक अख्खा दिवस कानावर पडत होतं, तरी तो एकदाही वळला नव्हता, बांबू पायावर येईपर्यंत. आणि वहिनीला तर लग्नानंतरच्या चार वर्षांत या घरात तिच्या नावानं कुणी हाकच मारली नव्हती. त्यानं घसा साफ केला. तो लाजत होता.

"हॅलो, हॅलो," तो म्हणाला. "वासंती..."

हाक भोंग्यातून पुरी बाहेर पडायच्या आत आतून "ओ" आली.